ओपन फाइल कुणाची? फोंड्यातल्या एका डिझायनरचं प्रकरण

हे भांडण एका फाइलवरून झालं. रक्कम मोठी नव्हती, दोन्हीकडची माणसं सज्जन होती आणि प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंतही गेलं नाही. तरी सविस्तर लिहितोय, कारण घरून काम करणाऱ्या डिझायनरवर असा प्रसंग कधी ना कधी येतोच आणि बहुतेक जण ‘जाऊ दे, ओळखीतलेच आहेत’ म्हणून सोडून देतात. हिने सोडलं नाही. मी दोन्ही बाजूंना ओळखतो, शेवटच्या बैठकीला हजरही होतो. नावं मात्र देत नाही. गोवा केवढा आहे ते सगळ्यांना माहीत आहे.

डिझायनर फोंड्याची. आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयातून अप्लाइड आर्ट करून पणजीत काही वर्षं नोकरी केली आणि मूल झाल्यावर रोजचा फोंडा-पणजी बसचा प्रवास सोडून घराच्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. तिच्या कामाचं वर्ष इथल्या पंचांगाप्रमाणेच चालतं. चवथीआधी देवस्थानं आणि मंडळं, तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिका आणि जत्रांचे फलक, डिसेंबरात हॉटेलांची मेनू कार्डं, मग शिगमो. मधूनमधून राजीव गांधी कला मंदिरात होणाऱ्या नाटकांची पोस्टरं. पावसाळ्यात काम कमी आणि वीज जाणं जास्त, त्यामुळे इन्व्हर्टरची बॅटरी हा तिच्या धंद्यातला मोठा खर्च आहे. देवस्थानाचा मजकूर अजून श्रीलिपी या जुन्या टायपिंग प्रणालीच्या फाइलीत येतो, तो आजच्या युनिकोडमध्ये आणून पुन्हा तपासण्यात अख्खी सकाळ जाते. त्याचे पैसे कुणी देत नाही, कारण ते ‘देवाचं काम’.

गिऱ्हाईक सत्तरी तालुक्यातलं. काजू भाजून, सोलून, काजूगर विकणारं कुटुंब. इतकी वर्षं साध्या पारदर्शक पिशवीत माल भरून वाळपईच्या आणि फोंड्याच्या दुकानांत द्यायचे. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर उत्तरेकडे पर्यटकांची वर्दळ वाढली, आणि पर्यटक नाव नसलेली पिशवी घेत नाही, हे घरातल्या तरुण पुतण्याने ओळखलं. घरचे कर्ते डिझायनरच्या माहेरच्या ओळखीतले. ती त्यांना काका म्हणते, ते तिला बाय. सगळा घोळ या ‘काका’ आणि ‘बाय’मध्ये आहे असं मी म्हणणार नाही, पण व्हॉट्सॲपवर झालेला करार मात्र त्या नात्याला साजेसाच होता. तिने लिहिलं: लोगो १२,०००, लेबलं चार, प्रत्येकी ४,०००, एकूण २८,०००, निम्मे आधी. काकांचं उत्तर: दोन जोडलेले हात. दुसऱ्या दिवशी १४,००० खात्यात आले.

पुतण्याने जीएसटीचं बिल मागितलं. सेवा पुरवणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर गोव्यात नोंदणी सक्तीची नाही आणि नोंदणी नसताना कर लावताही येत नाही. तिने साधं बिल दिलं, तो विषय तिथेच संपला.

लेबल म्हणजे चित्र नव्हे

लोगो तिने हाताने काढला. ब्रँडचं नाव देवनागरीत, शिरोरेषा डावीकडून थोडी जाड सुरू होऊन उजवीकडे निमुळती होणारी, आणि शेवटी तीच रेघ वळून काजूच्या बोंडाचा देठ होते. ही रेघ जमायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. लेबलांसाठी तिने बोंडाचं वेगळं मोठं रेखाचित्रही केलं. पुढच्या भांडणात लोगो आणि हे रेखाचित्र दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या, म्हणून ते इथेच सांगून ठेवतो.

पण खरा वेळ खाल्ला तो लेबलाच्या मागच्या बाजूने. काकांना वाटत होतं की नाव, चित्र आणि किंमत टाकली की झालं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं चिन्ह आणि १४ अंकी परवाना क्रमांक लागतो, घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, काजू असल्याने ॲलर्जीची सूचना लागते. वजनमापाच्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, एककाची किंमत, तक्रारीसाठी संपर्क. शाकाहाराचं हिरवं चिन्हसुद्धा वाटेल तेवढं काढून चालत नाही: पाकिटाच्या दर्शनी भागाचं क्षेत्रफळ १०० ते ५०० चौरस सेंटीमीटर असेल तर वर्तुळाचा व्यास किमान ४ मिलिमीटर आणि भोवतालच्या चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट. २५० ग्रॅमचं पाकीट १४ बाय २० सेंटीमीटर, म्हणजे २८० चौरस सेंटीमीटर. तिने वर्तुळ बरोबर ४ मिलिमीटरचं ठेवलं. हे मोजमाप पुढे उपयोगी पडलं.

भौगोलिक मानांकनावरून, म्हणजे माल अमुक प्रदेशातलाच असल्याच्या सरकारी नोंदीवरून, एक छोटी खडाजंगी झाली. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये मानांकन मिळालं, आणि पुतण्याला ते चिन्ह समोरच हवं होतं. तिने विचारलं, तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झाली आहे का? झाली नव्हती. शिवाय हंगाम संपला की त्यांच्याकडे बाहेरच्या बियाही यायच्या, जसं गोव्यातले बरेच कारखानदार आफ्रिकेतून आयात झालेल्या बिया फोडतात. तिने चिन्ह टाकायला नकार दिला. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणं हे डिझायनरचं काम आहे का, असं पुतण्या तेव्हा पुटपुटला होता. माझ्या मते आहे, कारण लेबलावर चूक निघाली की प्रेसवाला आणि दुकानदार दोघंही आधी ‘डिझाइन कुणी केलं’ हेच विचारतात.

छपाईची पीडीएफ गेली, फोंड्यातल्याच प्रेसमध्ये स्टिकर निघाले, डिसेंबरात माल खपला. उरलेले १४,००० मात्र ‘सीझन होऊ दे गो’वर राहिले.

फाइल मागितली गेली

फेब्रुवारीत पुतण्याने ठरवलं की साध्या पाउचवर स्टिकर चिकटवणं पुरे, आता छापील पाउचच करायचे. हा निर्णय धंद्याच्या दृष्टीने बरोबर होता. आपल्या दमट हवेत स्टिकरचे कोपरे सुटतात आणि चिकटवायला दोन माणसं दिवसभर लागतात. पाउच करणारा कारखाना गोव्याबाहेरचा. तिथे छपाई सिलिंडरवर होते, प्रत्येक रंगाला वेगळं सिलिंडर, त्यामुळे एकदा सिलिंडर कोरलं की दुरुस्तीला पुन्हा पैसे. पारदर्शक फिल्मवर चित्र आतल्या बाजूने उलटं छापतात आणि त्यामागे पांढरा थर देतात. तो पांढरा थर फाइलीत वेगळा दाखवावा लागतो. म्हणून कारखान्याने ओपन फाइल मागितली, म्हणजे थर सुटे असलेली, बदलता येणारी. ही मागणी रास्तच होती.

काकांनी फोन केला: “बाय, ती फायल तेवढी धाडून दी गो.” तिने सांगितलं की आधीची बाकी द्या, आणि ओपन फाइलचे वेगळे पैसे होतील. तिकडून पुतण्याचा आवाज आला, “पैसे दिले म्हणजे फाइल आमचीच ना?” तिने उत्तर दिलं, “छापायची फाइल दिली की. ही माझी कामाची फाइल.” मग दोन्हीकडे शांतता.

शांततेच्या काळात पुतण्याने व्हॉट्सॲपवर मंजुरीसाठी आलेलं चित्र एका ऑपरेटरला दिलं. त्याने ते ट्रेस केलं, म्हणजे चित्रावरून संगणकाकडून रेघा पुन्हा काढून घेतल्या. पाउचच्या सिलिंडरवर एवढा खर्च करण्याआधी १०० ग्रॅमच्या नव्या पाकिटासाठी थोडे स्टिकर काढून बघू, असं ठरलं, आणि तेच स्टिकर तिला फोंड्याच्या बाजारात एका दुकानात दिसले. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं. त्यावरून संगणकाने काढलेली कड कधीच सरळ येत नाही. तिची निमुळती शिरोरेषा खडबडीत झाली होती आणि देठ तुटून एक गाठ उरली होती. तिचा राग चौदा हजारांपेक्षा त्या गाठीवर जास्त होता, आणि धंद्यातल्या कुणालाही तो समजेल.

पण तिने फोन करून भांडण काढलं नाही. पट्टी घेऊन मोजलं. १४ सेंटीमीटर रुंदीचं सगळं चित्र जसंच्या तसं दाबून १० सेंटीमीटरवर आणलं होतं. म्हणजे ४ मिलिमीटरचं हिरवं वर्तुळ आता २.९ मिलिमीटरच्या आसपास. नव्या पाकिटाचा दर्शनी भाग १० बाय १४, १४० चौरस सेंटीमीटर, म्हणजे नियम तोच, किमान ४. वजनाचे आकडेही तेवढ्याच प्रमाणात लहान झाले होते, आणि मागच्या बाजूला निव्वळ वजन २५० ग्रॅमच राहिलं होतं! तिने फोटोवर लाल खुणा करून काकांना पाठवलं, खाली एक वाक्य: हे पाउचवर कोरण्याआधी थांबा.

कायदा काय म्हणतो

इथे कायद्याचा भाग आला, आणि तो दोन्ही बाजूंना अर्धाच माहीत होता.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या १७व्या कलमाप्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर मालकाचा हक्क, पण ती कुणाची नोकर नव्हती. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, पोर्ट्रेट, पेंटिंग, एनग्रेव्हिंग किंवा चित्रपट यांचा हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो, असाही अपवाद त्याच कलमात आहे. संगणकावर काढलेला लोगो त्या यादीत बसतो का, यावर वकील वाद घालू शकतात. शब्दशः वाचलं तर तो तिथे नाही. आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर १९व्या कलमाप्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. दोन जोडलेले हात ही सही नव्हे.

म्हणजे ‘पैसे दिले म्हणून आमचं’ हे पुतण्याचं म्हणणं टिकत नव्हतं. पण तिचंही सगळं टिकत नव्हतं. ओळखीतल्या कुणी तिला सूक्ष्म उद्योगांच्या कायद्याचं सांगितलं होतं: २००६ च्या त्या कायद्यात पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ती मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. दाद मागायला राज्याची सुविधा परिषद आहे. सगळं खरं, पण त्यासाठी लागणारी लहान उद्योगांची उद्यम नोंदणीच तिने केली नव्हती, जी फुकट आहे आणि घरबसल्या होते. व्यवहारानंतर काढलेली नोंदणी जुन्या व्यवहाराला लागू होते का, यावर न्यायालयांत खल झाला आहे, आणि १४,००० रुपयांसाठी त्या खलात कुणी पडू नये.

शिवाय माझं एक मत आहे, ते तिलाही तोंडावर सांगितलं. लोगोची व्हेक्टर फाइल, म्हणजे कितीही मोठी केली तरी कड न बिघडणारी, अडवून ठेवणं चूक. लोगो विकला आणि दिली फक्त चित्राची प्रत, तर गिऱ्हाइकाने उद्या गाडीवर, पाटीवर, टोपीवर तो लावायचा कसा? कारागिराने कुलूप विकून किल्ली घरी ठेवण्यासारखं ते. लेबलाची सुट्या थरांची फाइल ही गोष्ट वेगळी. त्यात पुढच्या दहा लेबलांचं काम आयतं बसलेलं असतं, आणि तिची किंमत वेगळी लावणं योग्यच. हा फरक कोटेशनमध्ये नव्हता, म्हणून दोघंही आपापल्या जागी खरे वाटत होते.

गाठ सुटली ती तिसऱ्याच माणसामुळे. काकांनी दरम्यान ट्रेडमार्कसाठी एका एजंटला गाठलं होतं. प्रक्रिया केलेला सुकामेवा २९व्या वर्गात येतो, लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क ४,५०० रुपये. एजंटाने साधा प्रश्न विचारला: लोगो कुणी काढला, आणि तिचं हक्क सोडल्याचं पत्र आहे का? त्या संध्याकाळी काकांचा मला फोन आला. पुतण्याचा नव्हे, काकांचा.

बैठक

बैठक काकांच्या घरी झाली, रविवारी. चहा आणि भाजके काजू झाल्यावर पहिली काही मिनिटं काका आणि ती दोघंही नात्यातल्या कुणाच्या तरी ऑपरेशनबद्दल बोलत राहिले. मी आणि पुतण्या कागद घेऊन वाट बघत होतो. शेवटी तीच म्हणाली, “काका, बाकीचं नंतर. आधी हे वाचा.”

तिने एक पानाचं पत्र मराठीत लिहून आणलं होतं. लोगोचा संपूर्ण कॉपीराइट काकांच्या फर्मकडे, सगळ्या जगासाठी आणि कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी. ही दोन वाक्यं मुद्दाम होती: पत्रात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. काकांच्या नातवाला निर्यात करायची झाली तर? लोगोची व्हेक्टर फाइल सगळ्या प्रकारांत, जास्तीचे पैसे न घेता, बाकी मिळाल्या दिवशी. माझं बोलणं तिने ऐकलं होतं.

लेबलांच्या बाबतीत ती घट्ट राहिली. बोंडाचं मोठं रेखाचित्र तिचंच राहणार. फर्मला ते काजूच्या पाकिटांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर वापरता येईल. रिसॉर्टच्या भेटवस्तूंच्या पेटीवर किंवा टी-शर्टवर नाही, तसं हवं असेल तर वेगळं बोलायचं. पुतण्याला हेच सगळ्यात खटकलं, कारण त्याच्या डोक्यात टी-शर्ट होतेच. “एक बोंड तर आहे,” तो म्हणाला. तिने लॅपटॉपवर रेखाचित्राचे टप्पे उघडून दाखवले, काहीच न बोलता. तो पुन्हा त्यावर बोलला नाही, पण पटलं असं मला वाटलं नाही.

पाउचसाठी तिने पर्याय ठेवला. सुटी फाइल देण्याऐवजी २५० आणि १०० ग्रॅमची दोन्ही पाउचं ती कारखान्याच्या डायलाइनवर, म्हणजे पाउचच्या कापणी-घडीच्या आराखड्यावर, नव्याने बसवून देईल, पांढरा थर वेगळा, अक्षरं कर्व्ह केलेली (म्हणजे फॉन्ट नसला तरी छापता येणारी), प्रत्येक आकाराला नियमातली मापं पुन्हा मोजून. फॉन्टच्या फाइली देणार नाही, कारण परवाना तिच्या नावावर आहे आणि तो दुसऱ्याला देता येत नाही. सिलिंडर कोरण्याआधी कारखान्याचा नमुना तिने बघायचा. याचे तिने १२,००० सांगितले. काकांनी ६ म्हटलं. ९ वर थांबले. म्हणजे जुनी बाकी धरून २३,००० द्यायचे होते. काकांनी ते तिथेच, आतल्या खोलीतून आणून, रोख दिले. पुतण्या यूपीआय करतो म्हणत होता. तिने पावती फाडली.

९,००० कमी होते का? दोन पाउचं बसवण्याच्या कामाला ठीक, लोगोच्या हक्कांचे त्यात काहीच धरले नाहीत असं म्हटलं तर कमी. मी तिच्या जागी असतो तर हक्काची ओळ वेगळी लिहिली असती, आकडा थोडा का असेना. ती म्हणाली, ते पहिल्या १२,०००मध्येच होतं असं मी मानते, लिहायचं तेवढं राहिलं होतं. ट्रेस केलेल्या स्टिकरांचा उरलेला साठा वापरायचा की फेकायचा यावर थोडी ओढाताण झाली. मागे वजन चुकीचं छापलेलं असल्यामुळे ते फेकावेच लागले, तिला त्यासाठी भांडावंही लागलं नाही.

त्यानंतर

पाउच छापून आले. पहिल्या नमुन्यात बोंडाचा तांबडा स्क्रीनवर होता तसा न येता मातकट आला होता, कारण कारखान्याने चार रंगांतूनच तो बनवला होता. तिने त्याला वेगळा ठरावीक रंग द्यायला सांगितलं, म्हणजे आणखी एक सिलिंडर. पुतण्याने कुरकुर केली, मग काकांनीच होकार दिला. ट्रेडमार्कचा अर्ज गेला.

तिच्या कोटेशनमध्ये आता तीन ओळी असतात: काम, हक्क, फाइली. खाली सहीची जागा, आणि बिलाची मुदत. उद्यम नोंदणी तिने त्याच महिन्यात केली. काही गिऱ्हाइकं सहीची जागा बघून दचकतात, एका हॉटेलवाल्याने तर त्यावरून काम दुसऱ्याला दिलं. काकांच्या घरून मात्र मे महिन्यात कोकमच्या आगळाचं लेबल आलं आणि या वेळी सही करून कागद आधी पुतण्यानेच पाठवला.

नाटकांच्या पोस्टरांना ती अजून कागद लावत नाही. मला ते पटत नाही. हौशी मंडळींकडे पैसे नसतात हे खरं, पण पोस्टरावरचं चित्र पुढच्या प्रयोगाला, मग स्मरणिकेला, मग कुणाच्या पुरस्काराच्या बातमीला जात राहतं. हक्क दुसऱ्याला दिला तरी आपलं नाव लावून घेण्याचा आणि कामाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा हक्क ५७व्या कलमाप्रमाणे कर्त्याकडे राहतोच, तेवढी ओळ लिहायला काय हरकत आहे, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, पोस्टरवर माझं नाव न सांगता येतं, तीच एक जागा आहे. या विषयावर आमचं अजून जमलेलं नाही.